जुन्या पेट्रोल गाडीचा ईसीएम बदलायचा कसा, आणि त्याआधी काय काय तपासायचं

किल्ली फिरवली की मीटरमध्ये ऑइलचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा असे सगळे दिवे लागतात. त्यात इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला का, ते आधी बघा. सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, अशा तक्रारीत निम्मं उत्तर या एका दिव्यात असतं. दिवा लागला म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर निदान जागा आहे. लागलाच नाही तर तो मेलेला असेल, किंवा त्याच्यापर्यंत करंट पोचत नसेल. गाडी बघणारा बहुतेक वेळा पहिलीच शक्यता बोलून दाखवतो आणि दुसरी तपासायची राहून जाते.

कुणी त्याला ईसीएम म्हणतं, कुणी ईसीयू, मेस्त्री लोक नुसतं 'कॉम्प्युटर'. इथे ईसीएमच म्हणू. खाली दिलेलं सगळं साधारण १९९८ ते २०१५ मधल्या पेट्रोल इंजेक्शन गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, अल्टो, झेन, वॅगन-आर, सँट्रो आणि त्यांच्या पिढीतल्या गाड्या. डिझेलचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे थोडक्यात येईल.

ईसीएम खरंच गेलाय का?

चांगल्या गाडीत इग्निशन ऑन केलं की चेक लाइट, म्हणजे तोच इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा, लागतो, डॅशखाली मेन रिले 'टक्' करतो, मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद घुरघुर आवाज येऊन थांबतो आणि स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) लावला तर ईसीएम उत्तर देतो. यातलं काहीच होत नसेल तर आधी करंट आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट) तपासा. सगळं होतंय पण एकच सिलिंडर मिसिंग मारतोय, किंवा फॅनच सुरू होत नाही, असं असेल तर ईसीएम जिवंत आहे. फार तर त्याच्या आतला एखादा ड्रायव्हर (इंजेक्टर, फॅनसारखा एकेक पार्ट चालू-बंद करणारं सर्किट) गेला असेल, आणि तोही वायरिंग आणि पार्ट तपासल्यावरच म्हणायचा.

स्कॅनर बोलत नाही म्हणून ईसीएम गेला, असं लगेच ठरवू नका. स्कॅनर लावायच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचे १२ व्होल्ट आणि ४ व ५ नंबरला अर्थ मिळतोय का, ते मोजा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्युज एकच असतो. स्वस्तातला मोबाइल चार्जर खोचून तो उडालेला असतो आणि शिव्या ईसीएमला बसतात. गाडी कॅन लाइनची (गाडीतले कॉम्प्युटर दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती) असेल तर बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा, साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे, आणि तो बऱ्याचदा ईसीएमच्या आतच असतो.

आता मुख्य तपासणी. बॅटरी आधी चार्ज करून घ्या. गाडी उभी असताना १२.४ च्या वर, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. त्याखाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा, कारण तेवढ्या कमी व्होल्टेजला ईसीएम मध्येच झोपतो आणि नंतरच्या कुठल्याच मोजमापावर भरवसा राहत नाही.

ईसीएमला साधारण तीन वाटांनी करंट येतो: मेमरीसाठी बॅटरीचा कायमचा, इग्निशन स्विचचा आणि मेन रिलेतून येणारा मोठा. गाडीचं वायरिंग डायग्राम मिळवून त्या पिना शोधा, अंदाजाने टोचू नका. ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) काढून या वायरवर नुसता मल्टीमीटर लावला तर तो फसवतो. आतून कुजून एकच तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा मीटरवर १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायर जोडा, एक टोक सप्लायच्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब ढणढणीत पेटला पाहिजे. पिवळट, मलूल पेटला तर वाटेत फ्युजबॉक्स, रिलेचा पाय किंवा एखादा जोड खराब आहे. अर्थच्या वायरसाठी उलट करा: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कपलरमधल्या अर्थच्या वायरला. हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थ यांच्यावर लावायचा. सेन्सरच्या वायरवर चुकूनही नको.

कपलरच्या तोंडात मीटरची जाड सुई घुसवू नका. आतली पितळी पकड फाकते, नंतर पिनेला घट्ट बसत नाही, आणि गाडी खड्ड्यात आपटली की बंद, पुन्हा चालू, असा आजार कायमचा लागतो. कपलरच्या मागून, वायरीच्या बाजूने, बारीक टाचणी सरकवून मोजायचं.

मेन रिले 'टक्' करत नसेल तर एक उपयोगी चाचणी आहे. बऱ्याच गाड्यांत त्या रिलेच्या कॉइलला अर्थ देण्याचं काम ईसीएमच करतो. डायग्राममध्ये ती वायर नक्की करून घ्या आणि तिला हाताने तात्पुरता अर्थ द्या. रिले ओढला गेला, चेक लाइट लागला आणि गाडी चालू झाली, तर बिघाड ईसीएममधल्या तेवढ्याच सर्किटमध्ये आहे. हे रिपेअर होतं, पूर्ण ईसीएम बदलायची गरज पडेलच असं नाही.

अर्थचं आणखी एक बघा. सेल्फ मारताना मल्टीमीटरची लाल वायर ईसीएमच्या अर्थ पिनेवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम, ०.३ च्या पुढे गेलं तर अर्थ खराब. गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी पट्टी आणि इनटेक मॅनिफोल्डवरच्या अर्थच्या लगा (वायरीच्या टोकाच्या धातूच्या चकत्या) सोडवून सँडपेपरने घासा. डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेल्या गाडीत या लगेखाली रंगाचा थर हमखास सापडतो. वरून बोल्ट कितीही आवळलेला असो, खाली धातूला धातू लागत नाही.

मग ५ व्होल्ट. थ्रॉटल सेन्सर आणि मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) यांना ईसीएम ५ व्होल्टचा सप्लाय देतो. तो नाहीच, किंवा एक-दीड व्होल्टच येतोय, असं दिसलं तर घाई करू नका. ५ व्होल्टच्या लाइनवर असलेले सेन्सर एकेक करून कपलरमधून काढा आणि प्रत्येक वेळी मोजा. एक सेन्सर काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आला, तर गुन्हेगार तो सेन्सर. सगळे काढूनही आला नाही, तर ईसीएमचा कपलर काढून ती वायर कुठे बॉडीला घासून अर्थ झालीय का ते बघा. वायर स्वच्छ निघाली तरच दोष ईसीएमच्या आतल्या रेग्युलेटरचा.

एका सिलिंडरचा इंजेक्टर मारत नसेल तर त्याच्या कपलरमध्ये एलईडीचा टेस्ट लॅम्प लावा आणि सेल्फ मारा. बाकी सगळ्या ठिकाणी लुकलुकतोय आणि इथेच नाही, असं असेल तर इंजेक्टरपासून ईसीएमपर्यंतची वायर दोन्ही टोकांना मोजा. वायर चांगली असेल तर ड्रायव्हर गेला. तो का गेला हे कळायला इंजेक्टरचा रेझिस्टन्स घ्या: या गाड्यांत बहुतेक १२ ते १६ ओहम असतो. दोन-तीन ओहमच आला तर आत शॉर्ट आहे आणि त्यानेच ड्रायव्हर जाळला.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि ही तक्रार तेव्हा भरभरून येते. अर्धा तास सावलीत उभी केली की गाडी पुन्हा चालू. हा दोष ईसीएमचा असू शकतो, आतले सोल्डरचे जोड उष्णतेने सुटतात. पण क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा), पेट्रोल पंप आणि इग्निशन कॉइलसुद्धा हुबेहूब असंच वागतात, आणि त्यांचा नंबर आधी लागतो.

गाडी बंद पडल्या क्षणीच तपासावं लागतं, गार झाल्यावर काही सापडत नाही. स्कॅनर लावून सेल्फ मारा. आरपीएम शून्य दाखवतोय आणि बाकी आकडे येतायत, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. सेन्सरवर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर खात्रीच. आरपीएम येतोय, स्पार्क आहे, पण पंपाचा आवाज नाही, तर पंप किंवा त्याचा रिले. स्कॅनरच बोलायचा थांबला आणि चेक लाइट विझला, आणि त्या वेळी सप्लाय व अर्थ दोन्ही ठीक आहेत, तेव्हा मात्र ईसीएमवर संशय घ्या. गाडी गार असताना केस वाळवायच्या ड्रायरने ईसीएमची पेटी हळूहळू गरम करून बघा. हाताला चटका बसेल एवढीच पुरे. रंग उडवायची हीट गन वापरली तर चांगला ईसीएमही जाईल.

जुना कशाने गेला?

हा प्रश्न सोडून नवा ईसीएम लावणं म्हणजे तोही जाळायला घेणं. जिने जुना मारला ती वस्तू गाडीत तशीच बसलेली असते.

आल्टरनेटरचं चार्जिंग मोजा: १३.८ ते १४.५ व्होल्ट. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बदलल्याशिवाय नवा ईसीएम लावूच नका. जंप स्टार्ट करताना कधी वायर उलट लागली होती का, गाडीवर बॅटरी न सोडता वेल्डिंग झालं होतं का, हे मालकाला नीट विचारा. सायलेन्सरला एक टाका मारायचा म्हणून बॅटरी कोण सोडतो? पण ईसीएम जायला तेवढा टाका पुरतो. ज्या सर्किटचा ड्रायव्हर गेलाय त्याला जोडलेला पार्ट, म्हणजे इंजेक्टर, इग्निशन कॉइल, आयडल व्हॉल्व्ह किंवा पंपाचा रिले, मोजल्याशिवाय पुन्हा जोडू नका.

एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर सगळ्यात आधी तिथेच हात घाला. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी मधून कापून किटच्या डब्याकडे वळवलेल्या असतात. जोड सोल्डर किंवा क्रिंप न करता नुसते पिळून काळ्या टेपने गुंडाळले असतील, तर उन्हात टेप चिघळते, गोंद ओघळतो आणि दोन उघड्या तारा एकमेकींना लागतात. टेप सोडवा. आत हिरवट पडलेलं तांबं दिसलं तर तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक नळी चढवा.

पाणी हे दुसरं मोठं कारण. बऱ्याच गाड्यांत ईसीएम डाव्या सीटच्या पायाशी किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं, वायपरखालच्या चरात कडुनिंबाचा पाला साचून पाण्याची वाट बंद झालेली असते, नाहीतर एसीची ड्रेन नळी तुंबलेली असते. पाणी वायरीवरून ओघळत बरोबर कपलरमध्ये उतरतं. पायाशी मॅट उचलून खालचा फोम दाबा. ओला लागला तर आधी ती गळती बंद करा.

आणि उंदीर. मार्केट यार्डाजवळ किंवा धान्याच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर हार्नेस पूर्ण उघडून बघा, एक वायर कुरतडलेली सापडली म्हणून तिथेच थांबू नका.

उघडून बघायचं असेल तर

डॅशखालच्या पेटीत बसणारे जुने ईसीएम स्क्रूने उघडतात. इंजिन रूममधले, आत जेल भरलेले, चिकटवून बंद केलेले उघडू नका, उघडताना त्यांच्या केसासारख्या बारीक तारा तुटतात. पेटी हातात घेण्याआधी गाडीच्या बॉडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा.

झाकण काढल्यावर आधी वास घ्या. गळलेल्या कपॅसिटरचा वास खवट, सुकट मासळीसारखा येतो. मग टॉर्च तिरपी धरून उभ्या गोल डब्यांच्या म्हणजे कपॅसिटरच्या बुडाशी बघा. तिथे तपकिरी, ओशट कडं दिसलं, आजूबाजूचा हिरवा लेप फुगलेला किंवा काळवंडलेला दिसला, तर आतलं रसायन बाहेर येऊन बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या खातंय. पंधरा-वीस वर्षांच्या ईसीएममध्ये हा नेहमीचा आजार आहे, आणि लवकर पकडला तर बरा होतो. तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ डिग्रीचा कपॅसिटर लावायचा, आणि लावण्याआधी खालची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने स्वच्छ पुसायची. रसायन खाली राहिलं तर नव्या कपॅसिटरखालीही पट्ट्या कुजत राहतात.

आमचं मत स्पष्ट आहे: जळून कोळसा झालेला किंवा पाण्यात महिनोन् महिने भिजलेला नसेल, तर आधी रिपेअरचा प्रयत्न करावा. आपलाच ईसीएम परत बसला की किल्ली, नंबर, प्रोग्राम कशाचीच भानगड राहत नाही. पुण्याला किंवा हैदराबादला कुरिअरने पाठवायचा असेल तर बबल प्लास्टिकआधी अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि सोबत लक्षणं व घेतलेली सगळी मोजमापं कागदावर लिहून द्या. 'चालू होत नाही' एवढ्यावर समोरच्याला काही शोधता येत नाही.

बदलायचाच ठरला, तर कोणता?

ईसीएमवरच्या लेबलचा स्वच्छ फोटो काढा. मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट मागवू नका, नंबर सांगून मागवा. सुझुकीच्या ईसीएमचा नंबर ३३९२० ने सुरू होतो, ह्युंदाईच्या बऱ्याच ३९११० ने. बॉशने बनवलेल्या पेट्रोल ईसीएमवर बॉशचा वेगळा दहा आकडी नंबरही असतो, ०२६१ ने सुरू होणारा. शेवटच्या दोन-तीन अक्षरांपर्यंत नंबर जुळला पाहिजे. एसी आहे की नाही, पॉवर स्टीअरिंग आहे की नाही, कंपनीचं सीएनजी आहे की नाही, एवढ्यावरून शेवटची अक्षरं बदलतात.

सोलापूरच्या गाड्यांबाबत इथे एक खास मेख आहे, ती बाहेरच्या दुकानदाराच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या १३ शहरांत बीएस-४ हा उत्सर्जनाचा म्हणजे धुराचा दर्जा लागू झाला, आणि मुंबई-पुण्याबरोबर त्या यादीत सोलापूर होतं. इतरत्र तो टप्प्याटप्प्याने आला, देशभर सक्तीचा व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे २०११ ची एमएच-१३ (सोलापूर) पासिंगची गाडी आणि त्याच वर्षाची, त्याच रंगाची, त्याच मॉडेलची एमएच-२४ (लातूर) किंवा एमएच-२५ (धाराशिव) ची गाडी बाहेरून जुळ्या बहिणी असल्या तरी एक बीएस-४ आणि दुसरी बीएस-३ असू शकते. त्यात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आलं, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) नंतर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरवरूनही ईसीएम नजर ठेवू लागला. चुकीचा ईसीएम कपलरमध्ये बिनबोभाट बसतो, गाडी चालूही होते, आणि मग चेक लाइट काही केल्या विझत नाही, ॲव्हरेज पडतं. लातूरच्या किंवा धाराशिवच्या भंगारातून 'सेम टू सेम' आणलेल्या ईसीएममध्ये हा घोटाळा होतो. आरसीवर गाडीचा उत्सर्जन दर्जा लिहिलेला असेल तर तोही जुळवून बघा.

जुना ईसीएम घेताना स्क्रू आधी फिरवलेले आहेत का, पिना सरळ आहेत का, कपलरच्या तोंडात पांढरी-हिरवी भुकटी आहे का, ते दुकानातच बघा. ज्या गाडीतून काढला तिचा चेसिस नंबर लिहिलेलं बिल घ्या. बिल देत नसेल तर घेऊ नका, चोरीच्या गाडीचा पार्ट गळ्यात पडला तर पोलिसांना तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल.

किल्लीची भानगड

इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत किल्लीतली चिप, इमोबिलायझरचा डबा आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावला की किल्लीचा दिवा लुकलुकतो आणि गाडी एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडते, किंवा चालूच होत नाही. यावर तीन उपाय आहेत. नवा कोरा ईसीएम असेल तर कंपनीच्या स्कॅनरने किल्ल्या शिकवून घ्यायच्या, त्यासाठी सगळ्या किल्ल्या सोबत न्या. जुना घेत असाल तर त्याच गाडीचा इमोबिलायझर डबा आणि किल्ली असा पूर्ण संच घ्यायचा, किल्लीतली चिप आपल्या किल्लीत बसवता येते. तिसरा, आणि आम्हाला सगळ्यात पटणारा: आपल्या जुन्या ईसीएममधला डेटा नव्यात कॉपी करणं. ही ओळख बहुतेक ईसीएममध्ये आठ पायांच्या छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये असते, काहींत मुख्य प्रोसेसरच्या आत. कॉपी करणाऱ्याला सांगा की चिप दोनदा वाच, दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आल्या तरच पुढे जा, आणि मूळ फाइल मला दे. एकदाच वाचून लिहिली आणि वाचनात चूक असेल, तर दोन्ही ईसीएम हातचे जातात.

इमोबिलायझर कायमचा बंद करून देणारे भेटतील. सोपं आणि स्वस्त वाटतं, पण गाडी त्यानंतर साध्या वायरीने चालू करून नेता येते.

बसवणं

हे काम पाऊण तासाचं आहे. १० नंबरचा पाना, चार पट्ट्यांचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा, एवढं पुरतं.

१. इग्निशन बंद, किल्ली काढून खिशात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा. ईसीएम आणि एअरबॅगचा डबा यांच्यातला साठलेला करंट उतरायला वेळ लागतो. स्टीरिओला कोड असेल तर आधी शोधून ठेवा.

२. ईसीएमपर्यंत पोचा. पिवळ्या कपलरना हात लावू नका, ते एअरबॅगचे. कोणता बोल्ट कुठला, कोणता ब्रॅकेट कोणत्या बाजूला, याचे फोटो काढत जा.

३. कपलरचं लॉक पूर्ण सोडवूनच तो ओढा, वायरी धरून नाही. मग टॉर्च लावून एकेक पकड बघा. फाकलेली, काळवंडलेली, मागे सरकलेली एखादी दिसली तर ती आत्ताच दुरुस्त करा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण सुकू द्या. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, कपलरचं प्लास्टिक आणि रबर दोन्ही ठिसूळ होतात.

४. नवा ईसीएम जागेवर ठेवून ब्रॅकेटचे सगळे बोल्ट लावा. काही गाड्यांत पेटी बोल्टमधूनच अर्थ घेते. दोन बोल्ट लावून 'चालतंय' म्हणून सोडलेला ईसीएम महिन्याभराने त्रास देतो.

५. कपलर सरळ बसवा, 'खट्' ऐकू आल्यावर लॉक. जोर लावावा लागत असेल तर थांबा, एखादी पिन वाकतेय.

६. चार्ज केलेल्या बॅटरीला निगेटिव्ह शेवटी जोडा.

आता लगेच सेल्फ मारू नका. इग्निशन ऑन करा, चेक लाइट लागू द्या, स्कॅनरवर आकडे वाचा. गार इंजिनावर कूलंटचं आणि हवेचं तापमान एकमेकांच्या तीन-चार डिग्रीच्या आत हवं. थ्रॉटल बंद असताना सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.४ ते १.० च्या दरम्यान. मॅप सेन्सर असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना तो बाहेरचा हवेचा दाब दाखवतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर असल्याने इथे तो आकडा ९५-९६ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. पुस्तकातला १०१ आला नाही म्हणून सेन्सर बदलायला जाऊ नका. पण ७० किंवा ११० दिसला तर गडबड आहे.

मग सेल्फ. पहिल्यांदा थोडा जास्त वेळ लागू शकतो. एसी, हेडलाइट, ब्लोअर बंद ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी आयडलवर ठेवा. या वेळात ईसीएम आयडल शिकतो. नंतर एसी लावून पाच मिनिटं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत शिकवण्याची पद्धत मॉडेलनुसार ठरलेली असते, ती स्कॅनरमधूनच करा. एक फेरी सात रस्ता, पार्क चौकाच्या गर्दीत, थांबत-चालत. दुसरी पुणे रोडने मोहोळपर्यंत आणि परत, एकसारख्या वेगाने. घरी आल्यावर स्कॅनरवर बिघाडाचे कोड पुन्हा वाचा.

बसवल्यावरही तक्रार राहिली तर

तोच जुना कोड परत आला तर दोष ईसीएमचा नव्हता. वायरिंग आणि तो सेन्सर पुन्हा पहिल्यापासून तपासा, दुसरा ईसीएम मागवू नका. आयडल १२००-१५०० वरच अडकला असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळ्या बघा. नवा ईसीएम लावूनही चेक लाइट इग्निशनला लागत नसेल तर मीटरमधला बल्ब, आणि मग पुन्हा सप्लाय-अर्थ. सगळं ठीक वाटलं तरी पीयूसी करून घ्या. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. त्याच्या खूप वर आलं तर इंधनाचं मिश्रण बिघडलेलं आहे, ईसीएमचा नंबर पुन्हा जुळवून बघा.

डिझेलबद्दल एवढंच: कॉमन रेल गाडीत जुना ईसीएम बोलत असेल तोवर त्यातले इंजेक्टरचे कोड स्कॅनरवर उतरवून ठेवा, किंवा प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरून लिहून घ्या. नव्यात ते भरले नाहीत तर इंजिन खडखडतं आणि काळा धूर मारतं. इंजिन चालू असताना त्या इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका, तिथे ६० व्होल्टच्या वर करंट खेळतो.

काढलेला जुना ईसीएम भंगारात देऊ नका. तारीख आणि गाडीचा नंबर लिहून, पिशवीत बंद करून, डेटाच्या फाइलसोबत घरात ठेवा. नवा वॉरंटीत गेला किंवा पुढे कधी पुन्हा कॉपी करायची वेळ आली, तर मूळ ओळख त्यातच आहे. महिन्याभराने चार्जिंगचं व्होल्टेज आणि अर्थ एकदा परत मोजा. आणि मृग लागायच्या आत वायपरखालच्या चरातला पाला काढून तिथे तांब्याभर पाणी ओतून बघा, ते चाकाजवळ खाली पडलं पाहिजे, मॅटवर नाही.